११५व्या किलोमीटरला रडू का आलं?

*ताई, मी ४३ वर्षांची आहे, वजन ६२ किलो, नोकरी बैठी. दोन वर्षांपासून रोड सायकल चालवते. आठवड्यातले सहा दिवस सकाळी ग्रुपबरोबर तास-दीड तास जाते, तेही उपाशीपोटी, कारण त्याने चरबी जळते असं ऐकलंय आणि मला चारेक किलो कमी करायचे आहेत. सगळ्या राइड जोरातच होतात, मागे पडायला आवडत नाही. दहा आठवड्यांनी २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड, आहे. मागच्या महिन्यात १६० चा प्रयत्न केला. पहिले साठ अगदी मजेत गेले, ग्रुपच्या २८-३० च्या वेगाने. मग एकटी पडले. ११५ च्या आसपास हात थरथरायला लागले, डोकं हलकं झालं, सपाट रस्त्यावरसुद्धा सायकल पुढे सरकेना आणि कडेला बसून मी चक्क रडले. तोवर साडेचार तासांत दोन केळी आणि थोडी बिस्किटं खाल्ली होती. पाणी मात्र सगळे सांगतात तसं भरपूर प्यायले, इतकं की बोटातली अंगठी घट्ट झाली. मैत्रिणीने दिलेली तीन जेल (घट्ट साखरेची छोटी पाकिटं) एकापाठोपाठ खाल्ली आणि उलटी झाली. शेवटी गाडीतून घरी आले. सगळे म्हणतात, स्टॅमिना कमी पडतो, वयही झालं. खरंच का? खायचं काय आणि किती? राइडमध्ये मला गोड नकोसं होतं. आणि २०० च्या आधी एकदा २०० चालवून बघावे लागतील का?*

रडण्यापासूनच सुरुवात करते, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात उपयोगाची माहिती तीच आहे. पाय थकले की पाय दुखतात, वेग कमी होतो. पण हात थरथरणं, डोकं हलकं होणं, काही कारण नसताना रडू फुटणं, ही मेंदूला साखर कमी पडल्याची लक्षणं आहेत. सायकलवाले याला ‘बाँक’ म्हणतात. मला ते दोनदा झालं आहे आणि दोन्ही वेळा मी सोबतच्या माणसावर विनाकारण चिडले होते. १९२४ साली बोस्टन मॅरेथॉन पूर्ण केलेल्या काही धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा ज्यांची अवस्था वाईट होती त्यांच्या रक्तातली साखर फार खाली गेलेली आढळली. पुढच्या वर्षी धावपटूंना शर्यतीआधी कर्बोदकं जास्त आणि धावताना साखरेच्या गोळ्या दिल्या, तर ती अवस्था टळली. शंभर वर्षं होऊन गेली, आणि अजूनही अशा माणसाला आपण ‘स्टॅमिना कमी’ म्हणतो.

शरीरात कर्बोदकांचा साठा दोन जागी असतो. स्नायूंत, आणि यकृतात. स्नायूंतला साठा मोठा, पण तो ज्या त्या स्नायूनेच वापरायचा, रक्तात परत सोडता येत नाही. रक्तातली साखर टिकवण्याचं, म्हणजे मेंदूला पोसण्याचं काम यकृतातल्या साठ्याचं. तो जेमतेम ८०-१०० ग्रॅमचा असतो आणि रात्रभराच्या झोपेत त्यातला बराचसा संपतो. तुम्ही १६० च्या दिवशीही सवयीप्रमाणे उपाशीच निघाला असाल, तर पहिलं पेडल मारायच्या आधीच ही टाकी तळाला होती.

पुढचं गणित सोपं आहे. तुमची सरासरी ताकद ११० वॉट धरू. तेवढ्यासाठी शरीर तासाला अंदाजे ४०० किलोकॅलरी जाळतं. २०० किलोमीटरला नऊ तास सायकलवर गेले तर ३६०० झाल्या. तुमच्या वजनाच्या व्यक्तीत कर्बोदकांचा एकूण साठा साधारण ४०० ग्रॅम, म्हणजे १६०० किलोकॅलरी. चरबीचा साठा कुणाकडेही प्रचंड असतो, पण ती सावकाश जळते. आरामात चालवताना तिचा वाटा मोठा असतो, दम लागेल असं चालवलं की भार कर्बोदकांवर येतो. पहिले साठ किलोमीटर ३० च्या वेगाने गेलात तेव्हा तुम्ही नेमकं तेच इंधन भराभर जाळत होता, जे तुमच्याकडे थोडं होतं.

आणि भरत किती होता? मध्यम केळ्यात २५ ग्रॅम कर्बोदकं असतात. दोन केळी आणि मूठभर बिस्किटं मिळून ८० ग्रॅम धरते. साडेचार तासांत ८०, म्हणजे तासाला १८ ग्रॅमसुद्धा नाहीत. लांबच्या राइडला तासाला ३० ते ६० ग्रॅम लागतात, मोठ्या शर्यतीतले सायकलपटू ९० आणि त्याहून वर जातात. एवढ्या कमी इंधनावर तुम्ही ११५ पर्यंत आलात! त्या दिवशी स्टॅमिना कमी नव्हता. वयाचा तर इथे संबंधच नाही, चाळिशीत आणि पन्नाशीत ब्रेव्हे पूर्ण करणारी माणसं भरपूर आहेत.

आता उलटीबद्दल. जोरात चालवताना रक्त पायांकडे वळतं आणि पोटाच्या वाट्याला कमी येतं. त्यात तीन जेल, म्हणजे ७० ग्रॅमच्या आसपास घट्ट साखर, पाच मिनिटांत आत गेली. एवढी दाट साखर आतड्यात आली की शरीर ती पातळ करायला पाणी आतड्यात ओढतं. पोट फुगतं, मळमळतं, उलटी होते. शिवाय आतड्यातून ग्लुकोज रक्तात नेणारी वाट तासाला ६० ग्रॅमच्या आसपास भरून जाते, तिच्यापुढे ढकललेलं तिथेच पडून राहतं. फ्रुक्टोजची वाट वेगळी आहे, म्हणूनच जास्त खाणारे सायकलपटू ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मिसळून घेतात. साध्या साखरेत दोन्ही निम्मं निम्मं असतं. तुमच्या गरजेला ती पुरेशी आहे, महागड्या पावडरीशिवाय २०० होत नाहीत असं कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नका.

यातली फार थोड्यांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे पोटालाही सराव देता येतो. मांड्यांना जसा चढाचा सराव देतो, तसाच आतड्यांना राइडमध्ये खाण्याचा. काही आठवडे नियमाने खात राहिलं की साखर शोषून घेण्याची क्षमता वाढते आणि पोट जड होणं कमी होतं. ज्यांनी सहा दिवस उपाशी सायकल चालवून सातव्या दिवशी अचानक खायला घेतलं, त्यांचं पोट तक्रार करणारच. पुढचे दहा आठवडे तुमच्या पायांइतकेच पोटाच्या तयारीचे आहेत.

पहिल्या दोन लांब राइडना तासाला ३० ग्रॅम ठेवा, पुढच्या दोनला ४०, मग ५०. तुमच्या वजनाला आणि वेगाला पन्नासवर २०० आरामात होतील. भूक लागायची वाट बघू नका, भूक फार उशिरा निरोप देते. निघाल्यापासून विसाव्या मिनिटाला पहिला घास, आणि पुढे दर वीस मिनिटांनी थोडं थोडं. घड्याळात गजर लावा. मी अजूनही लावते, कारण गप्पांच्या नादात किंवा चढाच्या नादात खाणं नक्की राहून जातं. चढ सुरू होण्याआधी खा. चढावर घास गिळता येत नाही आणि माथ्यावर पोचेपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

गोड नकोसं होतं, हे अगदी खरं आहे. चौथ्या-पाचव्या तासाला बहुतेकांना होतं. कर्बोदकं गोडच असायला हवीत असं कुणी सांगितलं? मीठ लावलेला उकडलेला बटाटा, भाताचे घट्ट खारट गोळे, ब्रेडच्या दोन स्लाइसमध्ये थोडं काही खारट, हे सगळं चालतं. शंभर ग्रॅम शिजवलेल्या भातात २८ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात, ब्रेडच्या दोन स्लाइसमध्ये २५ ते ३०. सुरुवातीच्या तासांत, वेग सौम्य असताना हे घन पदार्थ खाऊन घ्या. गोड आणि पातळ शेवटासाठी राखून ठेवा, तेव्हा चावायचाही कंटाळा येतो. तळलेलं, तुपकट, फार तंतुमय मात्र राइडमध्ये नको, ते पोटात तासन् तास बसतं. जेल घ्यायचंच असेल तर एका वेळी एक, आणि त्यावर साधं पाणी. गोड पेयावर जेल कधीच नाही.

पेय घरी करा. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत ४५ ग्रॅम साखर, एक ग्रॅमच्या आसपास मीठ (सपाट पाव चमच्याहून थोडं कमी) आणि चवीला लिंबू. एवढ्या पातळ द्रावणातून साखर आणि पाणी दोन्ही चांगलं शोषलं जातं. एका बाटलीत हे, दुसरीत साधं पाणी. घरी परतल्यावर खळखळून चूळ भरा, दिवसभर साखर दातांवर राहणं चांगलं नाही.

अंगठीबद्दल तुम्ही जाता जाता लिहिलंत, मी मात्र तिथे थांबले. तासन् तास हँडल धरून बोटं सुजतातच, त्यामुळे केवळ अंगठीवरून काही ठरवता येत नाही. पण भरपूर साधं पाणी, मीठ जवळजवळ नाही आणि मळमळ, हे तिन्ही एकत्र आलं की काळजी वाटते. घामातून जातं त्याहून जास्त पाणी प्यायलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजतात, पुढे माणूस गोंधळून बोलायला लागतो. तिथवर गेलं तर ती सरळ दवाखान्यात न्यायची वेळ असते, जीवावर बेतू शकतं. ‘जितकं जास्त पाणी तितकं चांगलं’ हा सल्ला म्हणूनच मला पटत नाही.

तुमचा घाम तुम्ही स्वतः मोजा. राइडच्या आधी लघवीला जाऊन कमीत कमी कपड्यांत वजन करा. तासभर चालवा, किती प्यायलात ते लक्षात ठेवा. परत आल्यावर अंग पुसून पुन्हा वजन करा. समजा ६२ चे ६१.३ झाले आणि अर्धा लिटर प्यायलात, तर तासाचा घाम १.२ लिटर. सगळा भरून काढायची गरज नाही. दिवसाच्या शेवटी वजन दीड-दोन टक्क्यांनी उतरलं तरी चालतं, सव्वा किलोपर्यंत. वजन वाढलेलं दिसलं तर मात्र जास्त प्यायलात. हे माप एकदा थंड हवेत आणि एकदा उन्हात घ्या, दोन आकड्यांत मोठा फरक पडतो. बाकी वेळी तहान बऱ्यापैकी विश्वासू आहे.

आता त्या चार किलोंबद्दल, आणि इथे थोडं आग्रहाने बोलते. वजन कमी करायची तुमची इच्छा तुमची आहे, पण ती सायकलवर पुरी करू नका. राइडमध्ये उपाशी राहून वाचवलेलं संध्याकाळी दुपटीने पोटात जातं, आणि मधल्या वेळात सराव वाया जातो. उपाशीपोटी चरबी जास्त जळते हे त्या तासापुरतं खरं आहे, पण दिवसाचा हिशेब शेवटी एकूण खाण्यावरच ठरतो. सवय असेल तर आठवड्यातली एखादी अगदी सौम्य, तासाच्या आतली राइड उपाशी केलीत तर बिघडत नाही. जोराची आणि लांबची कधीच नाही. या दहा आठवड्यांत वजनाचा विषय बाजूला ठेवा असंच मी सांगेन. फार तर सायकल नसलेल्या दिवशी ताटात थोडं कमी घ्या. खर्चाच्या मानाने खाणं सतत कमी पडत राहिलं तर हाडं, हार्मोन, झोप, प्रतिकारशक्ती सगळ्यांवर परिणाम होतो. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ पासून याकडे खेळाडूंची स्वतंत्र समस्या म्हणून पाहायला सुरुवात केली, आणि ती हौशी लोकांनाही होते. पाळी अनियमित झाली असेल तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. मधुमेह असेल, किंवा राइडमध्ये छातीत दुखणं, शुद्ध हरपणं असं काही झालं असेल, तर माझ्या या आकड्यांच्या आधी डॉक्टरांचं ऐका.

लांब राइडच्या आदल्या रात्री नेहमीचं जेवण, कर्बोदकं जरा जास्त, तंतू आणि तेल कमी. सकाळी निघण्याच्या दोन-तीन तास आधी १०० ते १२० ग्रॅम कर्बोदकांचा नाश्ता. पहाटे पाचला निघायचं असेल तर एवढ्या लवकर उठून खाणं कुणाला जमणार? मग तासभर आधी ५०-६० ग्रॅमचं हलकं काही खा आणि पहिला घास वीसऐवजी पंधराव्या मिनिटाला घ्या.

परत आल्यावरचं खाणं टाळू नका. याच्या मागचा प्रयोग मला फार आवडतो. १९६६ साली स्वीडनमध्ये बर्गस्ट्रॉम आणि हल्टमन या दोन शास्त्रज्ञांनी तो स्वतःवरच केला. एकाच सायकलच्या दोन बाजूंना बसून प्रत्येकाने एकाच पायाने पेडल मारलं, थकेपर्यंत. मग तीन दिवस भरपूर कर्बोदकं खाल्ली आणि मांडीच्या स्नायूचे बारीक तुकडे काढून तपासले. ज्या पायाने काम केलं होतं त्यात साठा नुसता भरला नव्हता, आराम केलेल्या पायाच्या जवळजवळ दुप्पट झाला होता. रिकामा झालेला स्नायू साठा ओढून घ्यायला टपलेला असतो. म्हणून राइड संपल्यावर तासाभरात जेवा, कर्बोदकं आणि त्याबरोबर २०-२५ ग्रॅम प्रथिनं. दुसऱ्या दिवशी पाय वेगळे लागतील.

सरावाबद्दल माझं पहिलं म्हणणं, सहाचे चार दिवस करा. तुमची प्रत्येक राइड जोरात होते, म्हणजे खरी जोराची एकही होत नाही आणि खरी सौम्यही नाही. दीर्घ अंतराचा पाया सौम्य राइडने बांधला जातो. स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात, पेशींतली ऊर्जाकेंद्रं वाढतात, चरबी वापरायची सवय लागते. सौम्य म्हणजे किती? शेजारच्याशी पूर्ण वाक्यांत बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनी श्वास घ्यावा लागला तर वेग कमी करा. ग्रुप पुढे जाईल, जाऊ दे. हे तुम्हाला जड जाणार, हे पत्रावरूनच कळतंय, म्हणून निदान दोन राइड एकटीने करा.

आठवड्यात तासाभराच्या दोन सौम्य राइड, एक जोराची, एक लांब. जोराच्या दिवशी आधी पंधरा मिनिटं पाय मोकळे करून दहा-दहा मिनिटांचे तीन टप्पे, ज्यात तुटक बोलता येईल पण बोलावंसं वाटणार नाही, आणि मधे पाच मिनिटं हलकं. एवढं पुरे. लांब राइड ८०, ९५, ११० अशी वाढवा, चौथ्या आठवड्यात ६० वर उतरून शरीराला सावरू द्या. मग १२०, १३५, १५०, पुन्हा ८०. नवव्या आठवड्यात १०० ची रंगीत तालीम, त्याच कपड्यांत, त्याच दिव्यांसह, त्याच खाण्यावर. शेवटच्या आठवड्यात थोडंसंच, पण पाय जागे राहावेत म्हणून दोन-चार छोटे जोर. आधी २०० चालवायची गरज नाही. १५० नीट खाऊन, हसत पूर्ण झाले की २०० होतात. ‘नीट खाऊन’ हा त्यातला अर्धा भाग आहे.

ब्रेव्हेच्या दिवशी एक आकडा हँडलबारवर चिकटवा, साडेतेरा तास. २०० साठी एवढी मुदत असते, म्हणजे थांबे धरून तासाला १५ किलोमीटरही लागत नाहीत. २२ ने चालवलंत तर सायकलवर नऊ तास, आणि थांबण्यासाठी चार तासांहून जास्त शिल्लक. घाई कुणालाच नाही. सपाट रस्त्यावर हवेचा विरोध तोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. २५ वरून ३० वर गेलात तर वेग वीस टक्के वाढतो आणि हवेसाठीची मेहनत सत्तर टक्क्यांहून जास्त. ग्रुपच्या मागे राहिलात तर बरीच वाचते, पुढे गेलात की सगळी तुमच्या अंगावर. पहिले ७० किलोमीटर इतके हळू वाटले पाहिजेत की थोडी लाज वाटावी. थांबा घ्याल तिथे सायकल टेकवायच्या आधी ठरवा की काय करायचं आहे. बाटल्या, खाणं, लघवी, निघणं. विनाकारण बसलं की पाय आखडतात.

इतकं करूनही थरथर सुरू झालीच, तर लगेच थांबा, सावलीत बसा. एक जेल किंवा तेवढंच गोड पेय, सोबत चार घोट पाणी, आणि दहा-पंधरा मिनिटं काहीही नाही. तीन जेल नाहीत. साखर रक्तात पोचायला वेळ लागतो. डोकं निवळलं की हलक्या गिअरवर निघा आणि पुढचा तासभर दर पंधरा मिनिटांनी थोडं खात राहा. बहुतेक वेळा राइड वाचते. निवळलंच नाही, किंवा बोलण्यात गोंधळ व्हायला लागला, तर तिथेच सोडून द्या आणि मदत मागा.

१५० च्या राइडनंतर मला पुन्हा लिहा. आधीचं आणि नंतरचं वजन, किती प्यायलात, तासाला किती ग्रॅम गेले आणि पोट कोणत्या तासाला कुरकुरलं, एवढं कळवा. पन्नासचे साठ करायचे की नाही, ते त्यावरून सांगते.